गर्भचाचणीचे औषध : एका बंदीचा इतिहास

१/ आज ठाणे, कल्याण किंवा डोंबिवलीतील औषधाच्या दुकानात गर्भचाचणीची पट्टी सहज मिळते. तिच्यासाठी लघवीचे काही थेंब पुरतात. स्त्रीच्या शरीरात काहीही जात नाही. १९८० च्या दशकात मात्र भारतात याच कामासाठी हार्मोनच्या गोळ्या आणि इंजेक्शने सर्रास दिली जात.

२/ इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांची ही मोठी मात्रा ‘ईपी औषधे’ म्हणून ओळखली जाई. औषधानंतर रक्तस्राव झाला तर गर्भ नाही, न झाला तर आहे, असा त्यामागील तर्क. म्हणजे गर्भ असल्याचे कळेपर्यंत औषध त्याच्यापर्यंत पोहोचलेले असे.

३/ तेही कोणत्या काळात? पाळी चुकल्यानंतरच्या याच आठवड्यांत गर्भाचे हृदय, हातपाय, मज्जासंस्था आकार घेत असतात.

४/ १९६७ मध्ये ब्रिटनमधील डॉ. इझाबेल गॅल यांनी ‘नेचर’मध्ये एक तुलना मांडली. पाठीच्या कण्यात जन्मजात व्यंग असलेल्या मुलांच्या १०० मातांपैकी १९ जणींनी ही चाचणी केली होती. निरोगी मुलांच्या १०० मातांपैकी ४ जणींनी.

५/ भारतात आणखी एक गैरसमज होता : या औषधाने गर्भपात होतो. तो बहुधा होत नसे. गर्भ वाढतच राही.

६/ १९८२ मध्ये केंद्र सरकारने बंदीचा आदेश काढला. उत्पादकांनी न्यायालयांतून स्थगिती मिळवली आणि विक्री चालू राहिली. स्त्री-संघटना, मेडिको फ्रेंड सर्कल आणि औषधविषयक कार्यकर्त्यांनी लढा चालू ठेवला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, मुंबईसह मोठ्या शहरांत जनसुनावण्या झाल्या, आणि १९८८ मध्ये बंदी प्रत्यक्षात आली.

७/ या औषधांमुळेच व्यंगे झाली का, हा वाद मिटलेला नाही. २०१७ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञगटाला कार्यकारणसंबंधाचा पुरेसा पुरावा आढळला नाही. तरीही २०२० च्या चौकशी अहवालाने म्हटले, की ही चाचणी १९६७ मध्येच थांबवायला हवी होती. लघवीची निर्धोक तपासणी उपलब्ध असताना थोडासा धोकाही कशासाठी पत्करायचा?

८/ मात्र या इतिहासातून ‘गरोदरपणी प्रत्येक औषध घातक’ असा अर्थ काढू नये. अपस्मारासारख्या आजारांत औषध अचानक बंद करणे आई व बाळ दोघांनाही धोक्याचे ठरू शकते. फॉलिक ॲसिड तर सुरुवातीच्या आठवड्यांतच हवे असते. औषधाची गरज किती, पर्याय कोणता, हे डॉक्टरांना विचारण्याचा स्त्रीचा हक्क त्या सुनावण्यांच्याही मुळाशी होता.