पालथी घागर आणि बुडालेलें गांव

पहूरकडच्या एका विद्यार्थ्यानें भाषांतराच्या तासाला मला एकदां पेंचांत टाकलें. १८७२ सालीं पांझरा नदीच्या पुरानें धुळें शहराची फार हानि झाली. मीं दिलेल्या उताऱ्यांत त्या प्रसंगीं 'ओव्हरव्हेल्म' हें क्रियापद होतें. त्यानें लिहिलें, "पुरानें धुळें भारावून गेलें." वर्ग हंसला. मी हंसलों नाहीं. हाताशीं असलेल्या कोशांतला अर्थच त्यानें प्रामाणिकपणें उतरला होता. वाघूरच्या काठीं वाढलेल्या मुलाला पूर म्हणजे काय हें मीं काय शिकवावें!

या शब्दाचें मूळ 'व्हेल्म'. मध्ययुगीन इंग्रजींत त्याचा अर्थ पालथें घालणें. भांडें पालथें घातलें कीं खालची वस्तु झांकली जाते. होडी पालथी झाली कीं पाण्याखालीं जाते. बुडविण्याचा अर्थ या दुसऱ्या चित्रांतून आला असावा. चौदाव्या शतकांत त्याला 'ओव्हर' हा उपसर्ग जडलेला दिसतो. माझ्या मतें तो निव्वळ भरतीचा. आपल्याकडे पालथ्या घड्यावर पाणी ठरत नाहीं, तिकडे पालथा घडाच बुडवूं लागला! पुढें शत्रुसैन्य, शोक, कृतज्ञता, सारींच माणसाला बुडवूं लागलीं.

'भारावणें' याचें कुळ निराळें. मंत्रानें भारलेला अंगारा, भारलेला दोरा, हे त्याचे सोयरे. सत्काराच्या सभेंत माणूस भारावतो. पुरांत गांव भारावत नाहीं.

मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तेव्हांपासून आपण एका इंग्रजी शब्दापुढें मराठी शब्दांची रांग पाहत आलों आहों. निवड ज्याची त्यानें करावयाची. इतिहास लिहितांना ती जोखमीची होते. १८०२ सालीं यशवंतराव होळकरांच्या फौजेनें खानदेश लुटला. १८०३ सालीं पाऊस गेला, दुष्काळ पडला आणि गांवें ओस पडलीं. प्रांत संकटांनीं 'ओव्हरव्हेल्म' झाला, एवढें इंग्रजींत लिहून भागतें. फौज आणि अवर्षण एकाच लाटेखालीं जातात, आणि लुटणारा अलगद सुटतो. मराठींत मात्र ठरवावें लागतें: खानदेश नागवला गेला, कीं उपासानें मेला? नागवणारा कोण, हें विचारतां येतें. पावसाला काय विचारणार?

त्या मुलाला मीं हें सारें सांगितलें. दुसऱ्या दिवशीं त्यानें वाक्य सुधारून आणलें: "पुरानें धुळें पालथें घातलें." यावर मात्र मलाहि हंसूं आवरेना. मराठींत गांव पालथें घालतो तो हरवलेलें माणूस शोधणारा.