अद्‌भुतिकांतील कुंठितावस्था

जादूच्या काल्पनिक जगांत हजारो वर्षे लोटूनही तंत्रज्ञान व समाजरचना जवळजवळ तशीच राहण्याची प्रवृत्ती. जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४-५५) दुसऱ्या युगाच्या अखेरीस मोडलेली तलवार तीन हजारांहून अधिक वर्षांनी पुन्हा घडवली जाते आणि तेव्हाही ती रणांगणात तितकीच कामाची ठरते. प्रत्यक्ष इतिहासात एवढ्या काळात माणूस कांस्ययुगातून रेल्वेपर्यंत पोहोचला.

याचे सोपे स्पष्टीकरण असे, की मंत्राने काम होत असेल तर यंत्राची गरज उरत नाही. ते अपुरे आहे. जादू मूठभरांच्याच हाती असते, शेतकऱ्याला नांगर चालवावाच लागतो. खरे कारण सत्तेत शोधावे लागते. विद्या वंशाने किंवा गुरुमुखाने गुप्तपणे चालत असेल, तर ती तपासली जात नाही, सुधारत नाही आणि राज्यकर्ते दीर्घायुषी असतील तर बदल त्यांना नकोच असतो. ब्रँडन सँडरसन यांच्या ‘मिस्टबॉर्न’मध्ये (२००६) हजार वर्षे राज्य करणारा सम्राट बंदुकीची दारू जाणूनबुजून दाबून टाकतो. टोल्किनच्या जगातील एल्फ या अमर वंशाच्या तीन अंगठ्या तर ऱ्हास रोखण्यासाठीच घडवलेल्या आहेत. तिथली स्थिरता हा लेखकाचा विसरभोळेपणा नसून कथेचे दुःखच आहे.

टेरी प्रॅचेट यांनी मात्र ‘डिस्कवर्ल्ड’ या कादंबरीमालेत छापखाना, संदेश-मनोरे आणि तिच्यातील ‘रेझिंग स्टीम’मध्ये (२०१३) आगगाडीही आणली.