नोंदवहीतील स्त्रिया

गेल्या पावसाळ्याच्या आरंभी आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी कार्यालयात आली. एम. ए.च्या प्रबंधासाठी तिने उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यातील ख्रिस्ती स्त्रियांचा इतिहास हा विषय घेतला होता. एका वाचनालयात तिने विचारणा केली, तेव्हा तिला ‘महिलांसाठी’ अशी चिठ्ठी लावलेले कपाट दाखवण्यात आले. त्यात पाककृती, विणकाम आणि बालसंगोपन यांवरील पुस्तके होती. “फादर, आपल्या बायकांचं कुणी काही लिहूनच ठेवलं नाही का?” असे तिने विचारले. प्रश्न मला लागला, कारण उत्तराचा काही भाग माझ्याच कपाटात कुलूपबंद होता.

ग्रंथालयात एखादी गोष्ट न सापडणे म्हणजे ती घडलीच नाही असे नव्हे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यानंतर ते विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांना त्याची प्रत मिळाली आणि १९७५ साली त्यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. आज ज्या ग्रंथावाचून मराठी स्त्रीविचाराचा इतिहास सांगताच येत नाही, तो जवळजवळ नव्वद वर्षे कुणाच्या ध्यानीमनी नव्हता!

त्याच सुमारास अभ्यासाची दारेही उघडली. १९७४ साली श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र निघाले. ते जुहूला आहे. बदलापूरच्या मुलीला तिथवर जायचे म्हणजे दादरला गाडी बदलून अर्धा दिवस मोडतो, पण तो मोडावा. १९८८ साली मुंबईत स्थापन झालेल्या ‘स्पॅरो’ या संस्थेने स्त्रियांच्या मुलाखतींचे ध्वनिमुद्रण आणि छायाचित्रे जपली आहेत. आपल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील हेरास संस्थेचे ग्रंथालयही विसरू नये.

मात्र तेथे गेल्यावर केवळ ‘स्त्री’ या शीर्षकाखाली शोधून भागत नाही. १८८२ सालचेच ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर घ्या. अंबरनाथच्या शिवमंदिराचे त्यात सविस्तर वर्णन आहे. स्त्रिया भेटतात त्या जातीजमातींच्या प्रकरणात, लुगडी व दागिन्यांच्या तपशिलात. मुंबई इलाख्यात १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूती लाभाचा कायदा झाला, तेव्हा कामगार स्त्रीचा माग काढायचा तर कारखाना खात्याचे वार्षिक अहवाल चाळावे लागतात. उल्हासनगर मुळात महायुद्धकाळातील लष्करी छावणी. फाळणीनंतर तेथील बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली वसाहतीला आजचे नाव मिळाले. त्या बराकींत पहिली चूल कशी पेटली, हे पुनर्वसन खात्याच्या कागदांत कोठून असणार? ते वृद्ध शेजारणींनाच विचारावे, आणि लवकर विचारावे.

आता माझ्या कपाटाविषयी. त्रेंत परिषदेने १५६३ साली विवाहाच्या नोंदी ठेवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले, तेव्हा उद्देश गुप्त विवाह रोखण्याचा होता. स्त्रियांचा इतिहास कुणाच्या मनात नव्हता. तरीही या वह्यांत आई, धर्ममाता, वधू, साक्षीदार अशी स्त्रियांची नावे ओळीने येतात. आमच्या जुन्या वहीत वडिलांच्या व्यवसायाचा रकाना आहे, आईच्या नाही. इतकी वर्षे मी त्या वहीवरून दाखले लिहून दिले, पण ही उणीव त्या मुलीने बोट ठेवेपर्यंत माझ्या लक्षात आली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिने शोधली. स्नानसंस्कार देणाऱ्याच्या रकान्यात धर्मगुरूंच्या नावांमध्ये तीन ठिकाणी एकाच बाईचे नाव आहे. मरणासन्न बालकाला कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो, आणि तो कसा द्यावा हे सुइणींना शिकवण्याची जबाबदारी १९१७ च्या धर्मविधी संहितेने धर्मगुरूंवर टाकली होती. ही बाई सुईणच होती, असे आमच्या वृद्ध धर्मग्रामस्थांनी सांगितले. ज्या काळी स्त्रीला वेदीजवळ वाचन करण्याचीही मुभा नव्हती, त्या काळी तिच्या हातून हा संस्कार झाला आणि तसे शाईने लिहिलेही गेले.

वह्या मात्र मी तिच्या स्वाधीन केल्या नाहीत. त्यांत अविवाहित मातांची नावे आहेत, आणि त्यांची मुलेनातवंडे आपल्याच गल्लीत राहतात. मी शेजारी बसतो, पान उघडतो, ती टिपणे घेते. हयात माणसांच्या नोंदी झाकलेल्या राहतात. तिला हे थोडे जाचते. संशोधकाच्या दृष्टीने तिचे बरोबर असेलही, पण पाद्री म्हणून मला याहून पुढे जाता येत नाही.

त्या सुईणीची नात बदलापूरला नदीकाठच्या भागात राहते. आजीची एक पत्र्याची पेटी तिच्याकडे आहे. २००५ सालच्या २६ जुलैच्या पुरात तिच्यात पाणी शिरले होते आणि त्यानंतर ती कुणी उघडलेली नाही. येत्या मंगळवारी ती तरुणी आणि आमच्या शाळेतील एक धर्मभगिनी तिकडे जाणार आहेत.