निरीक्षण विहिरीखालचा खारपाणपट्टा



परवा गावाबाहेरच्या निरीक्षण विहिरीची पातळी मोजायला माणूस आला होता. टेप खाली सोडला, आकडा लिहिला आणि गेला. बाजूला उभा असलेला शेजारचा पोरगा म्हणाला, "काका, पाणी तर जवळच आहे. बोअर मारून टाकू का?" त्याला जे सांगितलं, तेच इथं लिहितो.

हे भोक पाडलं तेव्हा मी विशीतला होतो. यंत्रावरच्या लोकांनी दर काही फुटांवरची माती काढून ओळीनं ढीग मांडले होते. पहिले ढीग आपल्या काळ्या भारी मातीचे. मग पिवळसर चिकण माती, तिच्यात चुनखडीचे खडे. मग बारीक रेती, पुन्हा चिकण, पुन्हा रेती. खडक शेवटपर्यंत लागलाच नाही. आजा ढिगांकडं बघून म्हणाला, "हे सारं नदीनंच आणलं बापा."

आजाचं बरोबर होतं. सातपुड्याच्या पायथ्याशी जमिनीत मोठी भेग आहे. तिच्या दक्षिणेची जमीन खचली आणि त्या खोलगटात पूर्णा व तिच्या उपनद्या हजारो वर्षं गाळ भरत राहिल्या. डोंगरातून उतरताना पाण्याचा जोर असतो, म्हणून गोटे आणि जाड रेती पायथ्याशीच पडली. अकोट, अचलपूरच्या डोंगराकडच्या शिवारात म्हणूनच पाऊस लवकर मुरतो, पाणी गोडं लागतं, संत्रा होतो. बारीक चिकण तेवढी वाहत मधल्या सखल भागात आली, म्हणजे आपल्याकडं. चिकणीतून पाणी पुढं सरकत नाही. उन्हाळ्यात ते वर ओढलं जातं, उडून जातं आणि क्षार मागं राहतात. असं वर्षानुवर्षं साचत गेलं. अमरावती, अकोला, बुलडाणा मिळून सुमारे 4,700 चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा म्हणतात तो हाच.

आपल्या जुन्या माणसांनी या खाऱ्या पाण्याचाही उपयोग केला होता. या पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्यापासून पूर्वी मीठ काढत. इंग्रज अमदानीत ते बंद पडलं. पुढं एप्रिल 1930 मध्ये गांधीजींनी दांडीला मिठाचा कायदा मोडला. वऱ्हाडाला समुद्र कुठला? पण अकोला जिल्ह्यातल्या दहीहांड्याला खाऱ्या विहिरी होत्या. त्याच महिन्यात सत्याग्रही तिथं गेले आणि विहिरीच्या पाण्याचं मीठ करून कायदा मोडला. समुद्रापासून इतक्या लांब मिठाचा सत्याग्रह झाला, तो या गाळामुळं.

आता माझी चूक सांगतो. ढिगांची ओळ डोळ्यांनी पाहिलेली असूनही काही वर्षांनी मी बोअर मारलाच. पाणी लागलं, घरी पेढे वाटले. दोन हंगाम गहू बरा आला. तिसऱ्या वर्षी पेरलेलं निम्मं उगवलंच नाही. पाऊस पडला की वावरात पाणी तुंबून राहायचं, वाळलं की ढेकूळ दगडासारखं. जमीन चोपण झाली होती. पाण्यातलं सोडियम मातीच्या कणांवर बसतं, तिथलं कॅल्शियम हटवतं. मग कण सुटे होऊन मातीची छिद्रं बुजतात. माती परीक्षण करून जिप्सम टाकलं, चर काढले, हिरवळीचं खत गाडलं. तो तुकडा अजूनही पूर्ण सुधारला नाही. बोअर मात्र एका दिवसात झाला होता.

म्हणून पोराला म्हटलं, टेपवरचा आकडा पाणी किती खोल आहे एवढंच सांगतो. ते कोणत्या थरातलं आहे आणि आपल्या मातीला चालेल का, हे त्यात नसतं. बोअरआधी शेजारच्या विहिरीचं पाणी तपासून घे, क्षारता आणि सोडियम दोन्ही बघ. अहवाल वाईट आला तर पैसा शेततळ्यात घाल. पावसाचं गोडं पाणी साठव आणि हरभऱ्याला गरजेपुरतं एखाद-दुसरं ओलीत दे. आपल्या चिकणीत पाणी लवकर मुरत नाही, ते शेततळ्याला फायद्याचंच आहे.

तुमच्या गावात विहीर खोदताना कोणकोणते थर लागले होते? घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. ही माणसं गेली की ती माहिती सांगणारं कोणी उरत नाही.