गोवराची स्मृती आणि विस्मृती

१८४६ साली फेरो बेटांवर गोवराची साथ आली आणि सुमारे ७,८०० रहिवाशांपैकी ६,००० हून अधिक लोक आजारी पडले. डेन्मार्क सरकारने पाठविलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरला मात्र असे आढळले, की १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षे शरीराने शत्रूची ओळख जपली होती.

या स्मरणाची दुसरी बाजू उलगडण्यास मोठा काळ जावा लागला. गोवराचा आरएनए विषाणू जुन्या रोगांची आठवण सांभाळणाऱ्या पेशींतच शिरतो व त्यांचा नाश करतो. २०१९ साली नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवरानंतर त्यांच्या प्रतिपिंडांचा साठा ११ ते ७३ टक्क्यांनी घटला होता.

म्हणजे गोवर स्वतःची आठवण कोरून ठेवतो आणि इतरांची पुसतो. म्हणून साथींचा इतिहास वाचताना मृतांच्या आकड्यापाशी थांबणे आम्हांस अपुरे वाटते. साथ ओसरल्यावर अन्य रोगांनी दगावलेली मुले त्या आकड्यात नसतात. १९६३ पासून उपलब्ध असलेली लस ही आठवण देते, आणि जुने काही पुसत नाही.