जुन्या मशीनची कुळकथा

परभणी, सेलू, जिंतूर, गंगाखेड इथल्या जुन्या डीटीपी सेंटरात बहुधा दोन कॉम्प्युटर असतात. नव्यावर ऑनलाइन फॉर्म आणि फ्लेक्सची कामं चालतात. कोपऱ्यातल्या जुन्यावर विंडोज एक्सपी आणि पेजमेकर. त्याला इंटरनेट जोडत नाहीत, आणि फॉरमॅट तर कुणालाच मारू देत नाहीत. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, गणेश मंडळांच्या स्मरणिका, उरुसाची पोस्टरं, गावच्या कवींचे संग्रह त्याच्या पोटात आहेत.

या मशीनचं मूळ टाइपरायटरपर्यंत जातं. देवनागरीला कळा पुरत नव्हत्या, म्हणून रेमिंग्टन मांडणीत अक्षरांचे तुकडे बसवले गेले. 'ख' हवा असेल तर आधी अर्धा ख, मग काना. पहिली वेलांटी कागदावर अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून ती आधी मारायची. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये हीच सवय बोटांत मुरली आणि पुढे ती कॉम्प्युटरवर आली.

अल्डस कंपनीचा पेजमेकर 1985 साली आला आणि पानं जुळवण्याचं काम खिळ्यांकडून पडद्यावर गेलं. पण त्याला फक्त रोमन अक्षरं कळत. एका फॉन्टमध्ये 256 जागा, त्यातल्याही काही राखीव. फॉन्ट बनवणाऱ्यांनी रोमन अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवले. कृतिदेव या फॉन्टमध्ये 'मराठी' लिहिलं की फाइलमध्ये खरं तर स्मॉल ई, जे, के, मग कॅपिटल बी आणि स्मॉल एच एवढंच साठतं. फॉन्ट काढला की मराठी गेली. पुण्याच्या सी-डॅकचे फॉन्ट, पुण्याचीच श्री-लिपी, बंगळुरूची आकृती, प्रत्येकाच्या जागा वेगळ्या. आकार न साठवता अक्षर साठवण्याचं 'इस्की' हे भारतीय मानक 1991 साली ठरलं होतं, पण छपाईच्या बाजारात चलती फॉन्टचीच राहिली. मराठीचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच झालं, असं मला वाटतं.

त्यामुळे फाइल एकटी कधीच नव्हती. तिला तोच फॉन्ट, तोच पेजमेकर, तोच कीबोर्ड ड्रायव्हर लागे, आणि अनेक सॉफ्टवेअरना प्रिंटरच्या पोर्टात खोचलेलं, परवाना तपासणारं डाँगलही. एक सुटलं की सगळं अडलं.

मग विंडोज बदलली. विंडोज 2000 पासून मंगल फॉन्टसह, इस्कीसारखंच आकार न साठवता अक्षर साठवणारी युनिकोड देवनागरी आली, पण पेजमेकरला युनिकोड कधीच समजलं नाही. त्याची शेवटची सातवी आवृत्ती 2001 ची, एक्सपीच्याच वर्षातली. पुढे 64 बिटची विंडोज आली. तिने 16 बिटचे जुने प्रोग्रॅम चालवणं बंद केलं आणि डिजिटल सही नसलेले ड्रायव्हर नाकारले. डाँगल ओळखणारा ड्रायव्हर अशा वेळी लोड होईना. नव्या मशीनला ते जुनं पोर्टही उरलं नाही. विंडोज 7 च्या प्रोफेशनल आवृत्तीत जुने प्रोग्रॅम चालवायला 'एक्सपी मोड' मिळत होता, तो विंडोज 8 मध्ये गेला. 8 एप्रिल 2014 ला मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा आधारही थांबवला. जुनं मशीन जपून ठेवण्याची रीत पक्की झाली ती या कोंडीतून.

आता जाणकार ऑपरेटर व्हर्च्युअलबॉक्स टाकून नव्या विंडोजच्या आत एका खिडकीत एक्सपी चालवतात. हार्ड डिस्क बसली तरी त्या आभासी मशीनची फाइल पेन ड्राइव्हवर कॉपी केलेली असते. जुन्या मशीनची अशी प्रत तातडीने व्हायला हवी. परभणी जिल्ह्यातलं दोन दशकांचं स्थानिक लेखन या जुन्या मशीनांत आहे, आणि सर्च इंजिनच्या लेखी ते मराठी नाहीच, नुसती विस्कटलेली रोमन अक्षरं आहेत.

युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात. पण त्यांना पहिली वेलांटी उचलून अक्षराच्या नंतर न्यावी लागते, 'धर्म'मधला रफार 'म'च्या आधी आणावा लागतो. हिंदी समोर ठेवून बनवलेले कन्व्हर्टर 'शेतकऱ्यांच्या'मधल्या अर्ध्या ऱ पाशी अनेकदा अडखळतात, आणि आपल्या भागातल्या मजकुरात हा शब्द पानोपानी येतो. म्हणून आधी एक्सपीवरच फाइल उघडून फॉन्टसकट पीडीएफ काढून ठेवावी, म्हणजे पान जसंच्या तसं राहतं. मजकूर त्यानंतर बदलावा, आणि छापील प्रत शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून पाहावी.