स्वस्त टायर : किती धावणार आणि कुठे थांबणार?

मोटारीचे चारही टायर एकदम बदलण्याची वेळ आली, की मध्यमवर्गीय वाहनधारकाच्या महिन्याच्या हिशेबाला खिंडार पडते. दुकानदार तीन-चार कंपन्यांचे दर सांगतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत महाग टायरच्या किमतीत कधी कधी दीडपट, तर कधी दुपटीचा फरक असतो. मग ठरलेला प्रश्न येतो, 'हा स्वस्तातला किती चालेल?' प्रश्न रास्त आहे, पण अपुरा आहे. टायर किती धावतो याइतकेच तो गाडीला किती अंतरात थांबवतो, हेही महत्त्वाचे असते. दरपत्रकात मात्र त्याचा उल्लेख नसतो.

'स्वस्त टायर' या शब्दाचा अर्थ गेल्या काही वर्षांत बदलला आहे. पूर्वी त्यात चीनहून येणाऱ्या, नावही धड उच्चारता न येणाऱ्या टायरचा मोठा भरणा असे. भारताने जून २०२० मध्ये नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले आणि हे चित्र पालटले. आता या गटात प्रामुख्याने देशी कंपन्यांची खालच्या दराची मॉडेल्स येतात. २००९ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशामुळे मोटारीच्या टायरवर 'आयएसआय' चिन्ह बंधनकारक आहे, त्यामुळे किमान मजबुतीची हमी स्वस्त टायरलाही असते. सप्टेंबर २०२५ मध्ये टायरवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हा आणखी एक दिलासा.

आता झिजेचा हिशेब. नव्या टायरची नक्षी साधारण आठ मिलिमीटर खोल असते. ती १.६ मिलिमीटरवर आली, की टायर कायद्याने बाद ठरतो. खाचांच्या तळाशी असलेले छोटे उंचवटे हीच मर्यादा दाखवतात. नक्षी त्यांच्या पातळीला आली, की टायर संपला. म्हणजे वापरायला मिळते ते सुमारे ६.४ मिलिमीटर रबर. दहा हजार किलोमीटरनंतर १.६ मिलिमीटर झीज झाली असेल, तर एकूण आयुष्य चाळीस हजारांच्या आसपास धरता येते. खोली मोजण्याचे साधे मापक अगदी स्वस्तात मिळते. दुकानदाराच्या 'पन्नास हजार आरामात जाईल' या आश्वासनापेक्षा ते अधिक विश्वासार्ह म्हणावे लागेल.

किंमत आणि आयुष्य यांचा मेळ घातला, की काही वेळा गणित उलटते. समजा, साडेतीन हजारांचा टायर तीस हजार किलोमीटर चालला आणि पाच हजारांचा पंचेचाळीस हजार. पहिल्याचा खर्च प्रतिकिलोमीटर सुमारे पावणेबारा पैसे, तर दुसऱ्याचा सव्वाअकरापेक्षाही कमी. शिवाय स्वस्त टायर लवकर बदलावा लागल्याने बसवणे आणि बॅलन्सिंग यांचा खर्च पुन्हा करावा लागतो. वर्षाकाठी पन्नास-साठ हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचालकाला म्हणूनच महाग टायर परवडू शकतो.

वर्षभरात जेमतेम पाच हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्या शहरी कुटुंबाचे गणित मात्र निराळे आहे. सहा वर्षांत त्यांची गाडी तीस हजारच धावणार. तोवर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टायरचे रबर कडक होऊ लागते, बाजूला बारीक भेगा दिसू लागतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी टायर बदलावा, असा उत्पादकांचा सर्वसाधारण सल्ला असतो. अशा ग्राहकाने पंचेचाळीस हजार किलोमीटरच्या आयुष्यासाठी जादा पैसे मोजणे म्हणजे न वापरलेल्या रबराची किंमत चुकवणे होय. त्याने टायरच्या बाजूवरील चार आकडी तारीख पाहावी. '२३२४' याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातील उत्पादन. स्वस्त म्हणून दिला जाणारा टायर मुळातच दोन वर्षे गोदामात पडून असेल, तर त्याची सवलत तिथेच संपते.

झीज लवकर झाली, की दोष कंपनीला दिला जातो. पुष्कळदा तो वाहनधारकाचाच असतो. हवा कमी असेल तर टायरच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला पट्टा. एकच कड झिजत असेल तर अलाइनमेंट बिघडलेली समजावी, आणि ठिकठिकाणी खड्डे पडल्यासारखी झीज असेल तर शॉक अॅब्सॉर्बर तपासावेत. पावसाळ्यात खड्ड्यांतून आदळलेल्या गाडीची अलाइनमेंट बिघडली, तर महागडा टायरही काही हजार किलोमीटरमध्ये एका बाजूने गुळगुळीत होतो.

मात्र खरा प्रश्न ओल्या रस्त्यावर उभा राहतो. रबराचे मिश्रण कठीण ठेवले तर टायर जास्त टिकतो. पण ओल्या डांबरावर त्याची पकड सुटते. टिकाऊपणा, पकड आणि इंधनबचत हे तिन्ही एकाच मिश्रणात साधणे खर्चिक असते. युरोपातील वाहन संघटना व नियतकालिकांच्या तुलनात्मक चाचण्यांत स्वस्त टायर सर्वाधिक मागे पडतात ते बहुधा ओल्या रस्त्यावरील ब्रेकिंगमध्येच. म्हणजे 'पुष्कळ चालला' ही स्वस्त टायरची प्रशंसा काही वेळा त्याच्या उणिवेचीच खूण असते. भारतात ओल्या पकडीचे किमान निकष २०२२ च्या अधिसूचनेने आले आणि टप्प्याटप्प्याने लागू झाले. त्यापूर्वी बनलेला जुना साठा घेताना म्हणूनच दोनदा विचार करावा. शिवाय नक्षी जसजशी उथळ होते, तसतशी पाणी बाजूला सारण्याची तिची क्षमता घटते. जुलैतल्या घाटात १.६ मिलिमीटरची वाट पाहणे कायदेशीर असले, तरी शहाणपणाचे नाही. तीन मिलिमीटरवरच टायर बदललेला बरा.

उन्हाळ्यातही धोका टळत नाही. समृद्धी महामार्गावर तासन् तास वेगाने धावताना कमी हवेचा किंवा जुना टायर तापतो आणि फुटू शकतो. अपघातांच्या पार्श्वभूमीवर २०२३ मध्ये परिवहन विभागाने तेथे टायरची तपासणी हाती घेतली होती.

जुन्या बाजारात मिळणारे वापरलेले टायर हा तर निव्वळ जुगार. गुळगुळीत झालेल्या टायरवर कोरून नवी नक्षी पाडण्याचे उद्योग चालतात. त्यात आतील तारांवरचे उरलेसुरले रबरही जाते. यापेक्षा नवा, ताज्या तारखेचा स्वस्त टायर कितीतरी सुरक्षित.

पैशांअभावी दोनच टायर घ्यायचे झाले, तर ते बहुधा पुढे बसवले जातात, कारण पुढचेच लवकर झिजतात. टायर उत्पादकांचा सल्ला याच्या नेमका उलट आहे. ओल्या वळणावर मागची चाके घसरली, तर सर्वसाधारण चालकाला गाडी सावरता येत नाही. म्हणून नवे दोन टायर मागे आणि मागचे पुढे, असे दुकानदाराला आवर्जून सांगावे. आधी तो नकोच म्हणेल.